बिब्याची मोटार

माझ्या मायला एक सवत होती आणि ती आमच्या कोठ्यात राहायची. हे मायचेच शब्द. आल्यागेल्याला ती हे इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगायची की नवखा माणूस गोंधळून बाबांकडं बघायचा. बाबा उठायचे. खांद्यावरचं फडकं हातात घेऊन पाहुण्याला कोठ्याकडं न्यायचे. गोंडपिपरीच्या पुढं, वैनगंगेच्या अलीकडं आमचं गाव. घराला लागूनच टिनाचा कोठा. त्यात एका अंगाला बैलजोडी आणि म्हैस, दुसऱ्या अंगाला बांबूच्या तट्ट्याआड मालगुजारांची बिलायती मोटार. लांबलचक, गडद हिरवी, पुढं दोन मोठे पितळी दिवे, आणि मागची बैठक एवढी ऐसपैस की आमच्या घरातली सगळी माणसं तिच्यावर पाय पसरून झोपली असती. मालगुजार म्हणजे आमच्याकडचे जमीनदार; बाबा त्यांचे ड्रायव्हर. मालगुजारी गेली, मालगुजारही गेले, त्यांचा मुलगा बाळाभाऊ चंद्रपूरला राइस मिल टाकून बसला. मोटार तेवढी ‘देवाजी, तू सांभाळ’ एवढ्या शब्दावर आमच्याकडं राहिली. पुढं बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मोटार बसली ती बसलीच. तरी बाबा रोज सकाळी तट्ट्या सारून तिच्याजवळ जात. आमच्या घरातल्या सकाळचे आवाज मला अजून तसेच्या तसे ऐकू येतात: मायचं उखळ, म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटी, आणि सगळं ठाकठीक आहे हे सांगणारा मोटारीच्या रबरी भोंग्याचा एकच आवाज.

मायचा राग उगाच नव्हता. तिची जुनी लुगडी मऊ झाली रे झाली की बाबा मोटार पुसायला पळवायचे. मोहाच्या बियांचं तेल, ज्याला आम्ही टोळीचं तेल म्हणतो, ते दिव्याला कमी पडलं तरी चालायचं, पण मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्यांना कमी पडायचं नाही. जेवायला बसलं की ताटात भात, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी, आणि बाबांच्या तोंडात मोटार. ‘तिच्या टाकीत गंज चढून राह्यला असन’ असं ते पहिल्या घासाला म्हणत, आणि माय डाळीचं भांडं जरा जोरात खाली ठेवी. मी मात्र बाबांच्या बाजूची. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी त्या मोटारीचं चाक फिरवलं होतं, आणि थोडी मोठी झाल्यावर, ती उभी असतानाच, कुठली दांडी कधी ओढायची हे पाठ केलं होतं. पोरीला हे कशाला, असं गावातल्या बाया विचारत. मी चाक फिरवत राहायचे.

मायची आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. तिला बिबा उतायचा. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेच्या मोठ्या बांधावर, बिब्याची झाडं होती. त्याच्या काळ्या फळाचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कुणाला जास्त, कुणाला कमी. मायला तर झाडाखालून नुसतं गेलं तरी तोंड सुजायचं. धुरा सोडून ती बांधाबांधानं लांबून फिरून शेतावर यायची. बाबांचं उलट. त्यांनी बिबे हातानं चिरडले तरी त्यांना काही व्हायचं नाही. देवानं जोडी लावतानाही गंमत केली आहे, असं आमचा सोनबा वाढई म्हणायचा. सोनबा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला बंडी करणारा सुतार. बैलबंडीला आम्ही नुसतं बंडी म्हणतो.

एका हिवाळ्यात बाळाभाऊ आले. चहा पिता पिता म्हणाले, “देवाजी, मोटार आता काढू. चंद्रपूरचा कबाडी येतो म्हणते. पितळ अलग, लोखंड अलग. उगाच तुह्या कोठ्यात जागा अडवून राह्यली.”

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे बाळाभाऊंच्या थोडे बाजूला बघत होते, तसंच त्यांना दिसायचं. “नलीबाईचं लग्न वैशाखात हाय ना, भाऊ? वरात याच मोटारीतून निघन. नाई निघाली तं कबाड्याच्या आधी मी सोता कुऱ्हाड लावतो.”

“अन् चालवन कोण? तुले तं दिसत नाई.”

“कुंदा चालवन,” बाबा म्हणाले. कुंदा म्हणजे मी. ते ऐकून मला असा आनंद झाला की मी उठून उगाच म्हशीला पाणी दाखवायला गेले. बाळाभाऊ हसले. नलीवर त्यांचा जीव होता, आणि वडिलांच्या मोटारीतून लेकीची वरात निघाली तर त्यांनाही ते हवंच होतं. “ठीक हाय. वैशाखापर्यंत,” असं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मोटार उघडली. बाबांचे हात आणि माझे डोळे. इंजिन जाम झालं होतं, त्यात वरून घासलेट आणि तेल ओतून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी हँडल लावून बघायचं, हललं नाही की परत ओतायचं. पेट्रोलच्या टाकीत नदीचे बारीक गोटे टाकून ती बंडीला बांधली आणि बंडी शेतापर्यंत नेऊन आणली. त्या खडखडाटानं आतला गंज सुटला आणि गावातली सगळी कुत्री मागं लागली. बाबा कान लावून सांगायचे, “डावीकडचा बोल्ट सैल हाय,” आणि तो सैलच असायचा. पण खरा घोटाळा निघाला तो पत्र्याच्या आत. मागच्या दाराचा पत्रा सोडवला तर आतून मातीच गळायला लागली. त्या काळच्या मोठ्या मोटारींचा सांगाडा लाकडी असायचा, वरून नुसता पत्रा ठोकलेला, हे मला तेव्हा कळलं. आमच्या मोटारीचा सगळा सांगाडा उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ला होता. बैठकीखालच्या चौकटीत बोट घातलं तर बोट आरपार गेलं.

सोनबाला बोलावलं. आजवर त्यानं त्या मोटारीकडं जरा दबूनच पाहिलं होतं. त्यानं आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि मोठ्यानं हसला. “अरे देवाजी, हे तं आतून बंडीच हाय ना बाप्पा.” त्या दिवसापासून त्याची भीड चेपली. त्यानं घरच्या बंडीसाठी वाळवून ठेवलेलं सागवान काढलं, कुजलेल्या तुकड्यांवरून माप घेतलं, आणि आमच्या अंगणात हिवाळाभर रंधा चालला. मायच्या तांदळात भुसा, पाण्याच्या पितळी गुंडात भुसा. ती बोलायची, पण सोनबाला दुसऱ्यांदा भात वाढल्याशिवाय ताटावरून कधी उठू दिलं नाही.

सांगाडा तयार झाला. आता उधईचं काय? आमच्याकडं बंडीच्या लाकडाला बिब्याचं तेल पाजतात. एकदा पाजलं की ना उधई लागत, ना पाणी. बाबा आणि सोनबा दोघांनाही यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. बंडीला जे करतात ते मोटारीच्या आतल्या बंडीला केलं. माय तट्ट्याच्या बाहेर उभी राहून म्हणाली, “माणसं बसनार हायत त्याच्यावर.”

“वर गादी येईन, गादीवर कापड येईन,” बाबा म्हणाले. “अन् वाळून दगड होऊन जाते तो.”

वाळून दगड झालाही. पौषाच्या थंडीत ते काळं तेल असं घट्ट बसलं की हात फिरवला तर काच वाटावी. बंडीत लोक भाताच्या तणसाच्या जाड थरावर बसतात, मोटारीत तसं बसत नाहीत, हे ध्यानात यायला हवं होतं. आणि पौष म्हणजे वैशाख नव्हे, हेही. माय त्या दिवसापासून कोठ्यात आली नाही. म्हैस दोहायला मी जाऊ लागले. गाद्यांमध्ये आम्ही सावरीचा कापूस भरला, वरून पांढरं कापड शिवलं, आणि शिमग्याच्या आसपास एका दुपारी हँडल मारता मारता ते इंजिन खोकललं, थांबलं, परत खोकललं आणि सुरू झालं. बैल दावं तोडून पळाले. बाबा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि रडत होते, आणि मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

रोज पहाटे बाबांना शेजारी बसवून मी नदीकडच्या वाटेवर मोटारीवर हात बसवला, आणि वैशाखात चंद्रपूरला वरात निघाली. जटपुरा गेटातून ती हिरवी मोटार मी नेली तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी नवरदेवापेक्षा मलाच जास्त पाहिलं, असं लिहिलं तर ती बढाई होईल, पण खरं आहे. मला समोरचं दिसावं म्हणून मी जाड गोधडीची घडी करून तिच्यावर बसले होते. बाबा शेजारी ताठ. मागं नवरदेव पातळ रेशमी कपड्यात, आणि नली जड शालूत, खाली आणखी कितीतरी कापड. दिवसभर मोटार चंद्रपूरच्या उन्हात सजवून उभी होती. वरात मुंगीच्या पावलानं चाललेली, खालून इंजिन तापलेलं. आमच्या चंद्रपूरचं ऊन मी नव्यानं काय सांगू. आज माझ्या दारावरून सूरजागडचे खनिजाचे ट्रक जातात, त्यांचे ड्रायव्हर दुपारी माझ्या ओसरीवर पाणी मागायला येतात तेव्हा तापलेल्या पायरीवर बसूसुद्धा शकत नाहीत. मोटार कुठं अडली नाही की थांबली नाही. बाळाभाऊंनी बाबांना सगळ्यांसमोर मिठी मारली. आम्ही गावी परतलो ते गाणी म्हणतच.

मग काही दिवसांनी सोनबा चंद्रपूरला पटाशा आणायला गेला आणि परत आला तो थेट आमच्या अंगणात. माय तांदूळ धूत होती. सोनबा म्हणाला, “बाळाभाऊच्या जावयाचं काई खरं नाई. पाठीवर, मांड्यांवर काळे फोड. डॉक्टर झाला, झाडफूक झाली. सासू म्हणते नलीचा पायगुण. नवऱ्याले झालं, तिले काऊन नाई झालं म्हणते. पोरीले माहेरी धाडलं.”

मायचे हात पाण्यात थांबले. “फोडाच्या कडा लाल? आतून काळं पाणी?”

“हो.”

“बिबा व्हय तो,” माय म्हणाली.

“सुकला होता,” बाबा म्हणाले. “मी सोता हात लावून पाह्यला.”

“तुमच्या हाताले काय होते? तुमाले कधी उतला तो?”

मी पळत कोठ्यात गेले, मागची गादी उचलली. खालचं कापड काळपट, चिकट झालं होतं. उन्हानं आणि इंजिनच्या तापानं तेल परत पाझरलं होतं आणि कापसातून वर आलं होतं. मी परत येऊन ते सांगितलं. “सांगतलं तं उद्याच कबाडी येईन,” बाबा म्हणाले. खोटं नव्हतं ते. कुणालाही मोटारीचा संशय आला नव्हता. गप्प बसलो असतो तर ती वाचली असती. नली माझ्याच वयाची. वरातीच्या वेळी तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘हळू ने ग’ म्हटलं होतं. मला इतका संताप आला होता, कुणाचा ते मलाच कळत नव्हतं. मी म्हटलं, “बाबा, मोटारीसाठी पोरगी बसवून ठेवाची काय घरी?”

बाबा उठले. “हँडल आण,” म्हणाले. “सकाळी निघू. मोटारच नेऊ दाखवाले.”

सकाळी माय लुगडं बदलून तयार होती. हिवाळ्यापासून जिनं कोठ्यात पाय ठेवला नव्हता, ती बाई चंद्रपूरपर्यंत माझ्या शेजारी गोधडीवर अंग चोरून बसली.

नलीच्या सासूनं सगळं ऐकून घेतलं, दारातच. मग म्हणाली, “चांगली गोष्ट रचली. पोरीच्या बापानं शिकवून धाडलं असन तुमाले.”

माय पुढं झाली. “आमाले शिकवून धाडलं असन, बाई. माह्या हाताले तं नाई ना शिकवलं,” ती म्हणाली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिनं बांगड्या वर सारल्या, मागचं दार उघडलं, गादी बाजूला केली आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत त्या काळ्या, चिकट चौकटीवर टेकवला. मी ओरडले. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. रस्त्यावरचे लोक थांबले. बऱ्याच वेळानं तिनं हात उचलला, तो तसाच काळा सासूला दाखवला आणि म्हणाली, “उद्या येतो.”

रात्री आम्ही बाळाभाऊंकडं राहिलो. सकाळी मायचा हात कोपराच्या वरपर्यंत सुजला होता, आणि जिथं लाकूड लागलं होतं तिथं जावयाच्या अंगावर होते तसेच फोड. ती तो हात अंगापासून लांब धरून, पदर न घेता, भर बाजारातून चालत त्या दारात गेली. सासूनं पाहिलं, आत जाऊन मुलाची पाठ पाहून आली, आणि तिला बसायला पाट दिला. संध्याकाळी नलीला न्यायला सासरची माणसं आली. जाताना नली मायच्या पाया पडली आणि त्या हाताला हात लावता येईना म्हणून तिच्या गुडघ्यांना मिठी मारून रडली.

ती गेल्यावर बाळाभाऊ बाबांकडं वळले. “आता कबाड्याले निरोप धाडतो, देवाजी. माह्या पोरीचा संसार मोडला असता.”

बाबांनी मान हलवली. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मी म्हटलं, “बाळाभाऊ, लाकूड साफ करतो आमी. मृग लागेपर्यंत थांबा.”

“साफ झालं हे सांगन कोण? तू?” ते म्हणाले. “ज्या दिवशी तुही माय त्याच्यावर हात ठेवन अन् तिले काई होणार नाई, त्या दिवशी बोल.” नाही म्हणायचं म्हणूनच ते असं बोलले होते. मी त्याला हो समजले. मायकडं मात्र मला बघवलं नाही.

मृग लागेपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. पत्रे सोडवून सांगाडा भर उन्हात मांडायचा. लाकूड तापलं की तेल घामासारखं वर यायचं. त्यावर विटेची बारीक पूड थापायची, ती तेल प्यायली की खरवडून टाकायची, परत पूड. ज्या उन्हानं घात केला त्यालाच कामाला लावलं. मग फुटक्या काचेच्या तुकड्यानं लाकूड तासायचं, सोनबा एका टोकानं, मी दुसऱ्या टोकानं. हाताला चिंध्या गुंडाळल्या तरी बिबा आत शिरायचा. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग अजून आहे. परवा तपासणीला गेले तर तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे भाजलं का. मी हो म्हटलं, कुठून सुरुवात करणार होते. सोनबा दोनदा म्हणाला की सोड, लाकूड आत किती प्यालं हाय ते देवाले ठाऊक. मी सोडलं नाही. ढग आले की सोनबा आणि मी सांगाडा उचलून कोठ्यात न्यायचो. माय तीळ वाटून, खोबरेल घालून स्वतःच्या हाताला लावायची, आणि उरलेलं वाटीत तसंच माझ्यासाठी तट्ट्याजवळ ठेवायची. तिला परत त्या लाकडावर हात ठेवायला सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि कामही थांबवायची नव्हती.

शेवटी एका दिवशी लाकूड पिवळसर, कोरडं निघालं. वर ठेवलेलं धुतलेलं फडकं दिवसभर उन्हात राहून कोरंच्या कोरं राहिलं. मी फडक्याकडं बघत बसले होते. मागं पावलं वाजली. माय होती. उजव्या हातावर फोडांच्या जागी गुलाबी कातडी आली होती. तिनं तो हात मागं घेतला आणि डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या.

“कुठी ठेवू?” तिनं विचारलं.

“माय, राहू दे,” मी म्हटलं.

“राहू दे काय? हिवाळ्यापासून राबून राह्यली तू. ठेवतो, सांग कुठी.” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं बैठकीच्या चौकटीवर, जिथं सगळ्यात जास्त तेल प्यालं होतं तिथंच, हात टेकवला आणि तिथंच बसून मला वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. पण बिबा कधी कधी उशिरा उततो, म्हणून आम्ही आणखी थांबलो. त्यानंतरच्या सकाळी मी उठले तर माय चुलीपुढं बसली होती आणि बाबा तिच्याजवळ उकिडवे. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत, परत कोपरापासून मनगटापर्यंत, बोटांनी चाचपत होते, जसे ते रंधा मारलेलं लाकूड चाचपायचे. कुठंच फोड नव्हता. तरी त्यांची बोटं थांबत नव्हती.

“मोटार नाई मी,” माय म्हणाली.

पण हात तिनं काढून घेतला नाही.